लिव्हर कडक झालंय का? पोटात सुई न घालता कसं ओळखायचं

आरोग्य पाठ – वजन जास्त असलेल्या आणि शुगर असलेल्या तायांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी



आपल्या वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षांपासून दारूबंदी आहे. ही बंदी कागदावर किती आणि गावात किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दारूने घर कसं उद्ध्वस्त होतं ते पाहिलेलं असल्यामुळे "लिव्हर खराब झालं" हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यासमोर दारू पिणारा माणूसच येतो. म्हणून एखाद्या ताईच्या सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" असं लिहून आलं, की ती घाबरते आणि लाजतेही. "अवो, मी त कधी थेंबालाही शिवली नाही, मंग माझं लिव्हर काहून खराब होईन?" असं ती म्हणते. मग तो कागद घडी करून डब्यात जातो आणि कोणालाच दाखवला जात नाही.

आजचा पाठ त्या डब्यातल्या कागदाबद्दल आहे. दारू न पिणाऱ्या बाईचं लिव्हरही कडक होऊ शकतं. वजन खूप जास्त असेल आणि सोबत शुगर असेल तर ही शक्यता वाढते. त्रास सुरू व्हायच्या आधीच हे ओळखता येतं. त्यासाठी पोटात सुई घालून लिव्हरचा तुकडा काढावाच लागतो असं नाही. सुरुवात रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांपासून होते. त्यांचे कागद कदाचित तुमच्या घरात आधीच पडलेले असतील.

१. लिव्हर कडक होतं म्हणजे काय?

लिव्हर म्हणजे यकृत. पोटाच्या उजव्या बाजूला, फासळ्यांच्या खाली असलेला हा सव्वा-दीड किलोचा अवयव आहे. खाल्लेल्या अन्नातली साखर साठवणं, चरबी हाताळणं, रक्त गोठायला लागणारे पदार्थ बनवणं, औषधांचा आणि विषारी पदार्थांचा निचरा करणं, अशी शेकडो कामं ते करतं.

शरीराला लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा रोज येत राहिली की ती चरबी होऊन साठते. आधी कातडीखाली साठते, मग पोटातल्या आतड्यांभोवती, आणि मग लिव्हरच्या पेशींमध्ये. याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळ लोकांचं इथेच थांबतं. काही जणांच्या लिव्हरला मात्र या चरबीमुळे आतून सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हर स्वतःला दुरुस्त करताना व्रण तयार करतं. विळा लागून हाताला जखम झाली की ती भरते, पण तिथली कातडी पहिल्यासारखी मऊ राहत नाही. लिव्हरमध्येही तसंच होतं.

डॉक्टर या व्रणांच्या पायऱ्या ० ते ४ अशा मोजतात. ० म्हणजे व्रण नाही. ३ म्हणजे आजार बराच पुढे गेला. ४ म्हणजे सिरॉसिस, लिव्हर गाठीगाठीचं आणि कडक झालं. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून मागे फिरता येतं. चौथ्या पायरीवरून मागे येणं फार अवघड असतं. तिथे पोटात पाणी भरणं, रक्ताची उलटी होणं, लिव्हरचा कॅन्सर होणं हे धोके सुरू होतात.

खरी अडचण अशी की पहिल्या पायरीवरच्या आणि तिसऱ्या पायरीवरच्या दोन ताया बाहेरून सारख्याच दिसतात. दोघी वावरात जातात, दोघी बैठकीला येतात. फार तर "थकल्यासारखं वाटते" एवढंच सांगतात. लिव्हर दुखून सांगत नाही, म्हणून ते शोधावं लागतं.

२. वजन किती म्हणजे जास्त?

ही गोष्ट नजरेने ठरवायची नाही आणि त्यावरून कोणाला चिडवायचंही नाही. वजन वाढण्यामागे खाणं असतं, झोप असते, बाळंतपण असतं, थायरॉइड असतो, काही औषधं असतात, घराण्याचा वारसाही असतो. बैठकीत कोणी "जाडी" म्हणून हसलं की ती बाई वजनकाट्यावर चढतच नाही. मग बीपी आणि शुगरही कोणी पाहत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. वजन किलोमध्ये घ्या. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणा. वजनाला त्या उत्तराने भागा. येतो तो बीएमआय. उदाहरण पाहू. उंची दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फुटाला थोडी कमी. दीड गुणिले दीड म्हणजे २.२५. वजन ९० किलो असेल तर ९० भागिले २.२५ म्हणजे ४०.

आपल्या भारतीय लोकांसाठी डॉक्टर २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. जगभरात ४० आणि त्यावर म्हणजे तीव्र लठ्ठपणा. आपल्याकडे ३७.५ पासूनच तो गंभीर समजला जातो. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि पुरुषाचा ९० पेक्षा जास्त असेल तरीही सावध व्हायचं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमध्ये २४ जणींचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. तेव्हा हा फक्त शहरातल्या श्रीमंतांचा प्रश्न आहे असं समजू नका.

बारीक ताईंनीही हा पाठ सोडून देऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि लंडनमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच होता, पण डॉ. याज्ञिकांच्या अंगात चरबीचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. आपल्या लोकांमध्ये हात-पाय बारीक आणि पोटात चरबी असं खूपदा दिसतं. म्हणून काट्यासोबत टेपही लागतो.

मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर यांनी रेल्वे वसाहतींमधल्या लोकांची तपासणी केली. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण सहा माणसांमागे एकाचं लिव्हर फॅटी होतं. ही दवाखान्यात आलेली आजारी माणसं नव्हती. घरी राहणारी, कामावर जाणारी माणसं होती.

३. नेहमीचे रिपोर्ट का पुरत नाहीत?

"सोनोग्राफी झाली, एसजीपीटी नॉर्मल आला, मग आता काय राहिलं?" असं आपण म्हणतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, साधी सोनोग्राफी लिव्हरमधली चरबी दाखवते, पण व्रण किती झाले ते सुरुवातीला दाखवत नाही. पोटावर चरबीचा थर जाड असेल तर आवाजाच्या लहरी आत जाताना कमजोर होतात आणि चित्र अंधुक येतं. म्हणजे जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तिचंच चित्र सगळ्यात अस्पष्ट.

दुसरी गोष्ट, एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं द्रव्य आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. व्रण वाढत गेले, फुटायला पेशीच कमी उरल्या, की हा आकडा पुन्हा खाली येऊ शकतो. म्हणून एकटा एसजीपीटी नॉर्मल आहे यावर निश्चिंत होता येत नाही.

पूर्वी खात्री करायची एकच वाट होती, बायोप्सी. फासळ्यांमधून लांब सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढायचा. काही आजारांत ती आजही लागते. पण त्यात दुखतं, क्वचित रक्तस्राव होतो, आणि काढलेला तुकडा अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो. वजन खूप जास्त असेल तर सुई घालणंही कठीण जातं. लाखो लोकांची बायोप्सी करता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी दोन टप्प्यांची रीत काढली. आधी रक्ताचा हिशेब, मग गरज असेल त्यांनाच यंत्राची तपासणी.

४. पहिला टप्पा – फिब-फोरचा हिशेब

याला चार आकडे लागतात.

• वय
• एसजीओटी (काही रिपोर्टवर एएसटी लिहितात)
• एसजीपीटी (काही रिपोर्टवर एएलटी लिहितात)
• प्लेटलेट

एसजीओटी आणि एसजीपीटी लिव्हरच्या तपासणीत येतात. प्लेटलेटचा आकडा सीबीसीच्या कागदावर असतो. हिमोग्लोबिनसाठी आपण जो सीबीसी करतो, तोच. बोट टोचून केलेल्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत प्लेटलेट कळत नाहीत, हे लक्षात ठेवा. लॅबमध्ये सांगताना "एसजीपीटीसोबत एसजीओटी पण करा" असं आठवणीने सांगा. पैसे वाचवायला कधीकधी एकच केलेली असते. सगळे आकडे शक्यतो एकाच दिवसाच्या रक्ताचे असावेत.

आता गणित. आपण गटाचं व्याज काढतो त्यापेक्षा हे अवघड नाही.

वरचा आकडा : वय गुणिले एसजीओटी.
खालचा आकडा : प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ.
वरच्याला खालच्याने भागा.

प्लेटलेट अडीच लाख असतील तर २५० धरा. वर्गमूळ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतं, नाहीतर शाळेतली पोरं काढून देतात.

तीन ताया धरू. नावं नाहीत आणि आकडे फक्त शिकण्यासाठी घेतले आहेत.

पहिली ताई : वय ४०, एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट अडीच लाख. वर ४० गुणिले ३० म्हणजे १२००. ३६ चं वर्गमूळ ६, म्हणून खाली २५० गुणिले ६ म्हणजे १५००. भागाकार ०.८.

दुसरी ताई : वय ५०, एसजीओटी ४५, एसजीपीटी ४९, प्लेटलेट एक लाख ८० हजार. वर २२५०. खाली १८० गुणिले ७ म्हणजे १२६०. भागाकार साधारण १.८.

तिसरी ताई : वय ५२, एसजीओटी ५४, एसजीपीटी ३६, प्लेटलेट एक लाख ३० हजार. वर २८०८. खाली १३० गुणिले ६ म्हणजे ७८०. भागाकार ३.६.

उत्तर असं वाचायचं.

• १.३ पेक्षा कमी – आजार फार पुढे गेला असण्याची शक्यता कमी. वजन, शुगर सांभाळा आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा हिशेब करा.
• १.३ ते २.६७ – नक्की सांगता येत नाही. पुढची तपासणी हवी.
• २.६७ पेक्षा जास्त – लवकर पोटविकार किंवा लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा.

आता पहिली आणि तिसरी ताई पुन्हा पाहा. दोघींचा एसजीपीटी ३६, म्हणजे नॉर्मलच. फक्त तेवढंच पाहिलं असतं तर दोघींनाही "काही नाही, घरी जा" असं सांगितलं गेलं असतं. चारही आकडे एकत्र मांडल्यावर एक सुखरूप आणि दुसरीला ताबडतोब दाखवायची गरज, हा फरक समोर आला.

हे गणित चालतं कसं? लिव्हरमध्ये व्रण वाढले की त्यातून रक्त सहज वाहत नाही. मागे दाब वाढतो आणि पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा, म्हणजे पाणथरी, मोठी होते. ती प्लेटलेट स्वतःमध्ये अडकवून ठेवते, म्हणून रक्तात त्या कमी दिसतात. आजार पुढे जाताना एसजीपीटीच्या मानाने एसजीओटी वाढतो. आणि वय जितकं जास्त, तितकी व्रण व्हायला वर्षं मिळालेली असतात. म्हणून हे चार आकडे एकत्र घेतले आहेत.

५. हा हिशेब कुठे चुकतो?

गटाच्या वहीत एखादी नोंद चुकली तर शिल्लक चुकते, तसंच इथेही आहे.

• डेंग्यू, मलेरिया किंवा कुठलाही मोठा ताप असताना प्लेटलेट खाली जातात. तेव्हा हिशेब करू नका. बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या.
• नवी कावीळ झालेली असेल तर आकडे खूप वर जातात. तेव्हाही नाही.
• गरोदरपणात हा हिशेब वापरत नाहीत.
• सिकलसेल आजार असेल तर एसजीओटी आणि प्लेटलेट दोन्ही त्या आजारामुळे बदलतात. आपल्या विदर्भात हे विशेष लक्षात ठेवायचं. डॉक्टरांना आधी सांगा.
• वय ३५ पेक्षा कमी असेल तर उत्तरावर फार भरवसा ठेवता येत नाही. ६५ च्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची रेघ धरतात.

आणखी एक गोष्ट खूप वजन असलेल्यांसाठी. लिव्हरचे असे दुसरेही हिशेब आहेत. त्यांतल्या काहींमध्ये बीएमआयचा आकडा घालावा लागतो. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर तो एकटाच उत्तर फुगवतो आणि लिव्हर ठीक असतानाही धोका दिसतो. फिब-फोरमध्ये वजन येत नाही, म्हणून ही अडचण नाही. तरी खूप वजन आणि शुगर दोन्ही असलेल्या, विशेषतः तरुण बाईचं उत्तर १.३ पेक्षा कमी आलं म्हणून फाइल बंद करायची नाही. अशांना डॉक्टर यंत्राची तपासणी सांगू शकतात. हा हिशेब चाळणीसारखा आहे. कोणाला पुढे पाठवायचं तेवढं तो सांगतो. आजार आहे की नाही हा शेवटचा निकाल डॉक्टरच देतात.

६. दुसरा टप्पा – लिव्हरचा कडकपणा मोजणारं यंत्र

या तपासणीला इलॅस्टोग्राफी म्हणतात. त्यातलं सगळ्यात माहितीचं यंत्र म्हणजे फायब्रोस्कॅन. ते फ्रान्समध्ये तयार झालं. बाजारातून माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो, कच्चा आहे की पक्का. हे यंत्र काहीसं तसंच करतं. फासळ्यांच्या मधल्या जागेवर हलकी टिचकी मारतं. त्या धक्क्याची लहर लिव्हरमधून जाते. मऊ लिव्हरमध्ये ती हळू जाते, कडक लिव्हरमध्ये वेगाने. वेग मोजून यंत्र कडकपणाचा आकडा देतं.

जाण्याआधी निदान तीन तास काही खायचं नाही. जेवणानंतर लिव्हरमध्ये रक्त वाढतं आणि आकडा खोटा वर जातो. पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा. थोडं जेल लावतात. दहा वेळा टिचकी बसते. दुखत नाही, भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. गरोदर असाल, पोटात पाणी झालेलं असेल किंवा हृदयाचं यंत्र बसवलेलं असेल तर आधी सांगा.

कडकपणा किलोपास्कलमध्ये येतो. चरबीमुळे झालेल्या आजारात ८ पेक्षा कमी आकडा आला तर आजार पुढे गेलेला नसण्याची शक्यता मोठी. ८ ते १२ मध्ये अजून तपासावं लागतं. १२ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरांची देखरेख हवीच. त्याच कागदावर चरबीचाही वेगळा आकडा असतो. दोन्हींची गल्लत करू नका. चरबी खूप पण कडकपणा कमी असू शकतो, आणि उलटंही असू शकतं.

आता या पाठातली सगळ्यात कामाची गोष्ट. टिचकी मारणाऱ्या दांड्याला प्रोब म्हणतात. नेहमीचा प्रोब एम. तो कातडीपासून साधारण अडीच सेंटीमीटर खोलीपासून पुढे मोजतो. पण खूप वजन असलेल्या बाईच्या फासळ्यांवर चरबीचाच थर अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड असू शकतो. मग तो प्रोब लिव्हरपर्यंत नीट पोचत नाही. आकडाच येत नाही, नाहीतर भलताच येतो. अशांसाठी एक्सएल प्रोब असतो. तो साडेतीन सेंटीमीटरपासून पुढे मोजतो. यंत्र एकच असलं तरी एक्सएल प्रोब प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

म्हणून वावरातलं काम सोडून, बसचे पैसे खर्चून जाण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा : "फायब्रोस्कॅन आहे का? आणि एक्सएल प्रोब आहे का?" हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. बांगडीचं माप सांगतो तसंच हे माप आहे.

एमआरआयवरही लिव्हरचा कडकपणा मोजता येतो आणि वजन जास्त असलं तरी ती तपासणी चांगली होते. पण ती महाग आहे आणि मोठ्या शहरांतच मिळते. बहुतेकींना तिथपर्यंत जावं लागत नाही.

७. कुठे जायचं, काय म्हणायचं?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला शुगर, बीपी, कॅन्सरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. म्हणजे सरकारी दवाखान्यात याबद्दल विचारणं हा आपला हक्क आहे, आगाऊपणा नाही.

पहिली पायरी आशाताई. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म त्या भरतात. त्यात कमरेचा घेरही असतो. तो अंदाजाने लिहू देऊ नका, टेप लावून मोजायला सांगा. दुसरी पायरी उपकेंद्र, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिर, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे शुगर, बीपी पाहा आणि रक्ताच्या तपासण्या मागा. पुढे ग्रामीण रुग्णालय, आर्वी आणि हिंगणघाटची उपजिल्हा रुग्णालयं आणि वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सेवाग्राम, सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं किंवा नागपूरचं सुपर स्पेशालिटी यात येत नाहीत. तिथे जाताना खर्च आणि योजना आधी विचारून घ्या.

डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर एवढंच म्हणा : "डॉक्टर, मला शुगर आहे आणि वजन जास्त आहे. माझं फिब-फोर काढून बघाल का?" सोबत जुने सगळे कागद न्या. त्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणीही विचारा. लिव्हर कडक व्हायचं तेही एक कारण असतं आणि त्यावर औषध आहे. घरात कोणी दारू घेत असेल आणि त्याला शुगर, वजनही असेल, तर त्याचे दोन धोके एकत्र होतात. त्यालाही सोबत न्या.

वजन कमी करायचं ऑपरेशन कोणी सांगितलं असेल, तर त्याआधी लिव्हर कितपत कडक आहे हे पाहायलाच हवं. सिरॉसिस असेल तर ऑपरेशनचा धोका वाढतो.

८. निकाल आल्यावर

आनंदाची गोष्ट ही की लिव्हर स्वतःला सुधारतं. वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर सूज कमी होते. १० टक्के किंवा जास्त उतरलं तर पुष्कळांचे व्रणही मागे फिरतात. ९० किलोच्या ताईसाठी ५ टक्के म्हणजे साडेचार किलो, १० टक्के म्हणजे ९ किलो. नव्वदचं साठ करायचं नाहीये. आणि हे महिन्याभरात नाही, सहा महिने-वर्षभरात करायचं आहे. उपाशी राहून झटपट वजन उतरवलं तर लिव्हरला त्रासच होतो.

सुरुवात चहापासून करा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजची ५० ग्रॅम होते. महिन्याला दीड किलो साखर एका माणसाच्या फक्त चहातून. ती अर्धी केली तरी मोठा फरक पडतो. थंड पेयांच्या बाटल्या, बिस्किटं, फरसाण घरात आणायचं कमी करा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, अंडं हे आपलं जेवण चांगलंच आहे. भाताचा ढीग थोडा कमी आणि भाजी जास्त. वावरातलं काम करत असाल तरी जे महिने काम नसतं, त्या महिन्यांत रोज अर्धा तास भरभर चाला. शुगरची आणि बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका.

"लिव्हर साफ करणारं" चूर्ण, काढा, टॉनिक विकणारे गावात येतात. त्यात काय घातलंय ते माहीत नसतं आणि काही गोष्टींनी लिव्हरला उलट इजा होते. त्या पैशात फिब-फोरच्या तपासण्या होतील.

ही लक्षणं दिसली तर कुठलाही हिशेब करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा : डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं आणि पायावर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, माणूस भ्रमिष्टासारखं बोलणं किंवा दिवसा झोपून रात्री जागणं.

९. पुढच्या बैठकीत करायचं काम

• टेप आणि वजनकाटा आणा. मोजमाप आडोशाला, एकेकीचं करा. आकडा तिच्याच वहीत लिहा, मोठ्याने वाचू नका.
• ज्यांना शुगर आहे, कमर ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे किंवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, त्यांनी घरून जुने रिपोर्ट आणावेत. चारही आकडे असतील तर गटातली हिशेब लिहिणारी ताई फिब-फोर काढून देईल.
• १.३ च्या वर कोणाचं आलं तर तिला एकटीला पाठवू नका. गटातली एक जण सोबत जाईल हे बैठकीतच ठरवा.
• प्रवासाला किंवा तपासणीला पैसे कमी पडत असतील तर अंतर्गत कर्जाचा विचार करा. आजारासाठी कर्ज द्यायला गट नाही म्हणत नाही, तपासणीसाठीही म्हणू नये.

चर्चेसाठी प्रश्न :
१. एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर कडक असू शकतं का? का?
२. फिब-फोरसाठी कोणते चार आकडे लागतात? ते कुठल्या कागदांवर सापडतात?
३. डेंग्यूच्या तापात हा हिशेब का करू नये?
४. वजन खूप जास्त असलेल्या ताईने फायब्रोस्कॅनला जाण्याआधी कोणते दोन प्रश्न विचारायचे?

उत्तरं याच पाठात आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकीने मोठ्याने वाचून दाखवा. आणि डब्यातला तो घडी केलेला कागद या महिन्यात बाहेर काढा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक